कांडपामागचे शंभर ठिपके

११ मार्च, बुधवार

माझा मिरची वाळवायचा पत्रा नेला. विचारलं न्हाय, सांगितलं न्हाय. म्हणे एसीच्या बाहेरच्या डब्याला ऊन लागतंय. डब्याला ऊन लागतंय! मी एकाहत्तर उन्हाळे काढले, माझ्या डोक्यावर कुणी पत्रा धरला न्हाय.

श्री लिहायचं राहिलं. श्री.

ही डायरी दूध संस्थेनं दिलेली, दोन वर्षं कपाटात पडलीती. परवा डॉक्टर म्हणाला, आज्जी, बीपी वाढलंय, ओरडणं बंद करा. मी म्हटलं, मग बोलायचं कसं? तर म्हणाला, राग आला की लिहून काढा. चौथी शिकलेल्या बाईला ह्या वयात गृहपाठ देतोय. बरं, लिहिते. वाचणाऱ्याचे हात झडतील एवढं आधीच सांगून ठेवते.

पत्रा नेणारी माझी नात, संयोगिता. सयाजीची थोरली. सयाजी एसटीत, बदली साताऱ्याला, सूनही तिकडंच. ही बेंगळुरूला सहा वर्षं शिकली नि डॉक्टर झाली, पण डोकं दुखलं तर गोळी सांगता येत न्हाय, असली डॉक्टर. गेल्या दिवाळीला परत आली नि माझ्या मिरची कुटायच्या कांडपामागचं गोडाऊन मागितलं. जाड दगडी भिंती, आत गार. मला वाटलं मशरूम करणार. तर हिनं अणू आणले.

१६ मार्च, सोमवार

सोमवारी आमच्या उचगावात लाईट जाती, नऊ ते चार. कांडप बंद. ऐन चटणीच्या हंगामात पाच बायका भाजलेला माल घेऊन आलत्या, तशाच परत गेल्या. जाताना माझ्याकडं असं बघितलं की तारा मीच तोडल्या.

पोरगीचं मात्र बॅटरीवर चालतं. चारला गोडाऊनातनं बाहेर आली ती नाचतच. "आज्जी, ब्याण्णव!"

शंभर जागा हायत म्हणे, दहा ओळी, ओळीत दहा. एकेका जागेत एकेक अणू बसवायचा. इतर दिवशी दुपारी चाळिसाच्या वर जात न्हाय. आज ब्याण्णव.

तिच्या हाताखाली आदर्श असतो, गारगोटीचा पोरगा, इंजिनेर. गुणी हाय, पण शिंकतो. मिरचीचा वास आला की एक, गेला की दोन. तो म्हणाला, "मॅडम, बॅटरीवर चाललं म्हणजे दोष लाईनच्या विजेचाच." एवढं बोलून माझ्याकडं बघितलं नि शिंकला. माझ्याकडं कशाला बघायचं? मी काय वीज करते?

आता वीज साफ करायची पेटी मागवलीय. आम्ही डाळ निवडतो, ही वीज निवडणार.

१९ मार्च, गुढीपाडवा

सण म्हणून कांडप बंद. मुसळांना हळदकुंकू लावलं, ज्ञानूला पुरणपोळी देऊन घरी धाडला. ज्ञानू म्हणजे माझा कांडपवाला, तीस वर्षं मुसळांच्या शेजारी बसून बहिरा झालाय, म्हणून माझ्याकडं टिकलाय.

दुपारी पोरगी म्हणाली, "आज्जी, चल, आज तुला दाखवते." चप्पल काढायला लावली, डोक्याला पिशवीसारखी टोपी घालायला लावली. आत एक मोठं लोखंडी टेबल. त्याचे पाय हवेवर टेकलेत म्हणे, हादरा बसू नये म्हणून. टेबलावर शंभर बारके आरसे नि मधे काचेची डबी. डबीत काय दिसत न्हाय. हवासुद्धा काढून घेतलीय.

"अणू कुठं हायत?"

"डबीतच. डोळ्यांना दिसायचे न्हायत. पडद्यावर बघ."

पडद्यावर ठिपके. कुठं हाय, कुठं न्हाय, कुत्र्यानं सांडगे खाल्ल्यासारखं.

पोरगी म्हणाली, "लेसरचा उजेड म्हणजे चिमटा समज. एकेका चिमट्यात एक अणू धरायचा. पण पहिल्यांदा निम्म्याच जागा भरतात. कुठल्या भरतील ते आपल्या हातात नसतं. म्हणून कडेला जादाच्या ओळी ठेवल्यात."

मी म्हटलं, "मग कडेचे उचल नि मधे ठेव. सांडग्याचं तसंच करतो की. पण भरलेल्या सांडग्यावरनं हात न्यायचा न्हाय, वल्ले असतात, चिकटतात. मोकळ्या पट्टीतनं न्यायचा."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "आज्जी, हेच लिहायला मला आठ महिने लागले."

"मग मला विचारायचं आधी."

बटण दाबलं. ठिपके सरकले, आख्खी ओळच्या ओळ एका दमात, शाळेतल्या पोरांसारखी. डोळ्याचं पातं लवायच्या आत दहाच्या दहा ओळी भरल्या. एक ठिपका हालत नव्हता. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं बघायला. तिला मात्र म्हटलं, ह्यानं पोट भरतं का?

मग खरं सांगितलं तिनं. सतरा एप्रिलला दिल्लीचे पावणे येणार, ह्या कामाला पैसा देणारे. अकरा ते चार बसणार. त्यांच्यासमोर दर वेळी नव्यानं शंभर जागा भरायच्या, एकही मोकळी राहायची न्हाय. जमलं तर तीन वर्षं गोडाऊन चालू. न्हाय जमलं तर टेबल, आरसे, डबी सगळं बेंगळुरूला परत, नि तीही परत.

मी म्हटलं, जा की. माझं काय अडतंय.

बेंगळुरूची गाडी स्टँडवरनं किती वाजता सुटते एवढंच विचारलं. तिला वाटलं मी घालवायच्या घाईत हाय. वाटू दे.

२४ मार्च, मंगळवार

वीज निवडायची पेटी आली. फ्रीजएवढी. चालू केली. सकाळी नऊला शंभर. अकराला ज्ञानूनं कांडप लावलं, बायकांचा नंबर लागला, मला मान वर करायला सवड न्हाय. चारला पोरगी बाहेर आली, तोंड भिजलेल्या पापडासारखं. "अडतीस."

बिनकामाची पेटी. त्यापेक्षा म्हस आली असती.

२ एप्रिल, गुरुवार

ज्योतिबाची यात्रा. ज्ञानू कालपासून डोंगरावर. त्याला अडवता येत न्हाय, सासनकाठीला खांदा दिल्याशिवाय त्याचं वर्ष सुरू होत न्हाय. दोन दिवस कांडप बंद. मी अंगणात खाट टाकून पडले. दोन दिवस आभाळही आलंतं, जरा गार.

पोरगीचं काल अठ्ठ्याण्णव, आज शंभर. दिवसभर शंभर! ती नि आदर्श अंगणात खल करत बसलेते. ती म्हणाली, "उकाड्यानं होतंय. आभाळ आलं नि सुधारलं बघ. अजून एक एसी पाहिजे." आदर्श काहीतरी बोलायला गेला, मी त्याला म्हटलं, "काय रं, चहा पाहिजे का?" तर म्हणाला, न्हाय न्हाय आज्जी, काय न्हाय. पोरगं भित्रं हाय. गारगोटीत काय खायला घालत्यात कुणास ठाऊक.

म्हणजे आणखी एक एसी. म्हणजे आणखी एक पत्रा.

४ एप्रिल, शनिवार

ज्ञानू गुलालात बुडून आला. दोन दिवसांचं साठलेलं, बायकांची रांग रस्त्यापर्यंत. आमच्यात रीत अशी की जिनं तिनं आपल्या मालाशेजारी बसायचं. डोळ्यांसमोर कांडून घ्यायचं, नायतर माझी ब्याडगी मिरची तुझ्या जवारी मिरचीत गेली म्हणून वर्षभर भांडणं. म्हणून कांडपाचं काम म्हणजे पन्नास बायकांचं ऐकायचं. माझं बीपी मिरचीनं न्हाय, बायकांनी वाढतंय.

पोरगीचे एकतीस.

जेवताना काय विचारावं? "आज्जी, ज्ञानूकाका किती वाजता जेवायला बसतो?"

"दीडला. का?"

"असंच."

दोन एसी लागलेत, आता ज्ञानूच्या जेवणात लक्ष.

६ एप्रिल, सोमवार

लाईट न्हाय. पोरगीचे शंभर. तरी हसली न्हाय. कांडपाच्या पायथ्याशी काडेपेटीएवढी काळी डबी चिकटवून गेली. वायर भिंतीतनं आत. मी विचारलं हे काय, तर म्हणाली, "थर्मामीटर हाय आज्जी." मी त्यावर लिंबू-मिरची बांधली. पोरगी दोन आठवडे झाले कुणाच्या तरी नजरेत हाय, एवढं मला कळतं.

८ एप्रिल, बुधवार

पोरगी पहाटे साडेचारला उठते. पाचला आत, अकराला कांडप लागलं की बाहेर. मग पायरीवर बसून ज्ञानूकडं बघत राहते. जेवण निम्मं. विचारलं तर, "सकाळी डोकं चांगलं चालतं." कधीपासून? शाळेत असताना हिच्या तोंडावर पाणी मारून उठवत होते मी.

आज दुपारी फोनवर बोलताना ऐकलं. मुद्दाम न्हाय ऐकलं, लसूण सोलत होते, खिडकी उघडी होती. म्हणाली, "शेड पाहिजे, शांत जागा. कबनूरला नको, यंत्रमाग हायत. गावाबाहेर चालेल. आज्जीला यातलं काही कळू द्यायचं न्हाय."

माझ्यापासनं शांतता पाहिजे.

एवढं ओरडते का मी? डॉक्टरनं सांगितल्यापासनं दिवसाला चारदाच ओरडते. मोजलंय. जाऊ दे. जिला जायचं तिनं जावं. रात्री तिच्या आवडीचा पांढरा रस्सा केलाता, तिनं दोन वाट्या पिल्या. रस्सा पिताना आवाज चालतो.

११ एप्रिल, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

दोन वाजले तरी पोरगी जेवली नव्हती. आज अकरानंतरही आतच होती. ताक-भाकरी घेऊन गेले. टोपी घातली, चप्पल काढली. ती पडद्यासमोर, आदर्श मागं उभा. पडद्यावर शंभरच्या शंभर, गच्च. मी म्हटलं, मग तोंड का पाडलंय?

आदर्श घड्याळाकडं बघत म्हणाला, "ज्ञानूकाकांचं जेवण संपेल आता."

तेवढ्यात बाहेर कांडप लागलं.

माझ्या कांडपाला पाच मुसळं. तिसरं झिजलंय, ते जरा उशिरा पडतं, पाय ओढणाऱ्या माणसासारखं. धप धप, थांबून धप, मग धप धप. चाळीस वर्षं हा आवाज ऐकत झोपले, ऐकत उठले. पडद्यावर बघते तर ठिपके त्याच ठेक्यावर हालाय लागले. दोनदा थरथर, जरा थांबून एक हिसका, मग परत दोनदा. त्या हिसक्याला एकेक ठिपका विझायचा. जत्रेत हात सुटून पोरं हरवावीत तसे. मशीन नव्यानं भरायची, लंगडं मुसळ नव्यानं विझवायचं.

ताक ठेवलं. बाहेर गेले, ज्ञानूला हात केला, बंद कर. आत आले. शंभर. बाहेर गेले, लाव. आत आले. सदतीस. तीनदा केलं. ज्ञानूला वाटलं म्हातारी चळली. बायका म्हणाल्या, आक्का, उन्हानं होतंय का तुम्हाला?

मग मी गोडाऊनात जाऊन विचारलं, "कधीपासनं ठाऊक हाय?"

पोरगी खाली बघून म्हणाली, "गेल्या शनिवारपासनं."

"नि तुला रं?"

आदर्श म्हणाला, "मला मार्चपासनं वाटत होतं, आज्जी."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुम्हाला सांगणार कोण?"

बीपी गेलं खड्ड्यात. ओरडले. "वाघ हाय का मी? खाते का माणसं?" ज्ञानू दारात येऊन उभा होता. एरवी बहिरा, आज नेमकं ऐकू आलं. म्हणाला, "वाघ परवडला, आक्का."

पोरगी म्हणाली, "आज्जी, दिवाळीत आम्ही सगळं मोजून घेतलं होतं. तेव्हा कांडप दिवसाला तासभर चालायचं. हंगामाचा विचारच केला न्हाय, चूक माझी. आता तुझ्या ऐन हंगामात तुला बंद कर म्हणू? आजोबा गेल्यावर ह्याच पाच मुसळांवर तू पप्पांना वाढवलंस. म्हणून दुसरी शेड बघत होते."

म्हणजे शांतता माझ्यापासनं नको होती.

एवढ्यावरनं रडायचं काय कारण न्हाय. मिरचीचं कांडप शेजारी असलं की डोळ्यांतनं पाणी येतंच.

मी म्हटलं, "दुसरी शेड मिळाली?"

"मिळाली तरी हलवायला तीन महिने लागतील. सतरा तारीख सहा दिवसांवर हाय."

"मग शहाणे, सांगायचं कुणाला होतं? सहा वर्षं शिकलीस नि आज्जीशी बोलायला शिकली न्हाईस. ताक पी."

१२ एप्रिल, रविवार

कांडपावर पाटी लावली. खडूनं मीच लिहिली. पहाटे पाच ते सकाळी दहा. दहानंतर आलेला माल घेतला जाणार न्हाय, कारण विचारू नये.

तरी विचारलंच. पंधरा बायकांनी. पहाटे पाचला कोण येणार, आक्का? मी म्हटलं, म्हशीची धार काढायला उठता ना, मग चटणीला उठा. गावातलं पाणी चारला येतं तेव्हा उठता ना? एक म्हणाली, पण कारण काय? मी म्हटलं, मागं शंभर पावणे बसल्यात, बारीक हायत, त्यांना हादरा चालत न्हाय. आता गावभर झालंय की झुंबरबाईनं, म्हणजे मी, गोडाऊनात कोंबड्या अंड्यावर बसवल्यात.

१५ एप्रिल, बुधवार

तीन दिवस नीट चाललंय. पाचला रांग लागते. बायका पहाटेच्या गारव्यात बसतात, उलट खूश हायत, तोंडं जास्त चालतात. दहाला ज्ञानू बंद करतो. साडेदहाला पोरगी सुरू. तीन दिवस शंभर. आदर्शच्या शिंकाही कमी झाल्या. पोरगीनं दोन भाकरी खाल्ल्या.

पोरगी म्हणाली पुढं जाऊन दुसऱ्या गावात अशीच दुसरी डबी बसवायची, नि काचेच्या दोऱ्यातनं उजेड पाठवून इथल्या अणूचं तिथल्या अणूशी नातं जुळवायचं. मी म्हटलं, म्हणजे सोयरीक. मग आधी त्या गावात कांडप कुठं हाय ते बघून या. सोयरीक करताना घराणं बघतात, तसं कांडप बघायचं.

१७ एप्रिल, शुक्रवार

आज सगळं सविस्तर लिहिणार. पाय दुखतायत पण लिहिणार.

दहाला कांडप बंद. पावणे अकराला तिघे पावणे आले, दोन पुरुष नि एक पिकल्या केसांची बाई. बाईच्या पायात कोल्हापुरी, ती स्टेशनसमोर घेतलेली, वर्षभर टिकणार न्हाय. मी काही बोलले न्हाय. पोरगीनं शपथ घातलीती.

अकराला ते आत गेले. सव्वाअकराला रिक्षा दारात. रिक्षातनं क्रांती उतरली, गारगोटीची, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. पंधरा किलो मिरची, खोबरं, तीळ, कांदा-लसूण, सगळं तळून-भाजून आणलेलं. रविवारी अक्षय तृतीयेला पोरीचं लग्न.

"आक्का, लावा की."

"अगं, दहाला बंद होतं आता."

"मला कोण सांगणार? माझ्याकडं तुमचा फोन हाय व्हय? भाजलेला माल आक्का, उद्यापर्यंत सादळून चामडं होईल."

खरं होतं. भाजलेली मिरची थांबत न्हाय. चूक तिची नव्हती. ज्ञानूनं बटणाकडं हात नेला, तीस वर्षांची सवय, मी त्याच्या हातावर फटका मारला.

उखळात कुटावं तर तोही हादराच. दुसरं कांडप गावात एकच. हायवेकडचं, राजवर्धनचं.

राजवर्धनशी मी बारा वर्षं बोलत न्हाय. त्यानं गावभर सांगितलंतं की झुंबरबाईची मुसळं गंजकी, चटणीला लोखंडाचा वास येतो. मी पण गप्प बसले न्हाय, त्याच्या चटणीत विटेचा भुगा असतो असं म्हटलंतं. तो नव्हताच, ते मलाही ठाऊक होतं.

क्रांतीला म्हटलं, "तिथं जा." तर म्हणाली, "आक्का, तुमच्या नजरेखाली कांडायचं असलं तर कांडते. न्हायतर हा माल घेऊन इथंच बसते." नि बसली. आत पोरगी शंभर अणू धरून, बाहेर ही पंधरा किलो मिरची धरून.

चप्पल घातली नि तिला घेऊन रिक्षात बसले.

राजवर्धनच्या दारात उतरले तर तो तंबाखू मळत होता, ती हातातच राहिली. म्हणाला, "काय आक्का, रस्ता चुकला?"

मी म्हटलं, "तुझं कांडप मोकळं हाय का? एका पोरीच्या लग्नाची चटणी हाय. माझं आज चालू करता येत न्हाय."

"मुसळं गंजली?"

क्रांती हसली. ज्ञानू हवा होता, तो हसला नसता. मी श्वास घेतला. डायरीत लिहिण्यासारखं पुष्कळ तोंडावर आलंतं. पण घड्याळात साडेअकरा वाजलेते नि मागं पोरगीची वेळ चालू झालीती. म्हटलं, "गंजली समज. लाव."

साडेचार तास त्याच्या कांडपाशेजारी बसले. त्याच्या बायकोनं पंखा माझ्याकडं वळवला, चहा दिला, दुसऱ्यांदा दिला. बरी हाय बिचारी. मी आडव्या नजरेनं मुसळं मोजली. पाचच, सगळी सारखी पडतात, एकही लंगडं न्हाय. चटणीला रंग लालभडक आला. वास चांगला. हे ह्या वहीबाहेर कुणालाही सांगितलं जाणार न्हाय.

निघताना राजवर्धन म्हणाला, "आक्का, ते अंड्याचं खरं हाय का?" मी म्हटलं, "अंडी न्हाय, अणू." तो म्हणाला, "व्हय व्हय," नि बायकोकडं बघितलं.

साडेचारला घरी. पावणे अंगणात, खाटेवर बसलेले. आदर्शकडं बघितलं, त्याच्या तोंडावरनं काही कळेना, तो शिंकायच्या बेतात होता. पोरगी उभी, हात मागं. मला बघून पिकल्या केसांची बाई उठली. हिंदीत म्हणाली, "तो आप हैं?"

मला कळेना मी कोण हाय.

पोरगीनं सांगितलं. तिनं त्यांना काहीच लपवलं न्हाय. कांडपाखालच्या डबीचं मोजमाप, आधीचे एकतीस, आताचे शंभर, दोन्ही कागद समोर ठेवले. त्यातली लंगडी उसळी बघून पावणे म्हणाले, हे काय हाय? तर ही म्हणाली, "ये मेरी दादी हैं."

पाच तास, एकही जागा मोकळी न्हाय राहिली.

बाईनं मला विचारलं, हंगाम संपला नि परत दुसरा हंगाम आला तर? मी हिंदीत बोलले. माझी हिंदी आमच्या गल्लीतल्या सगळ्यांत चांगली हाय. म्हटलं, "देखो पावणं, मिरची का टाइम सुबह, अणू का टाइम बाद में. एक म्यान में दो तलवार न्हाय रहती, पर एक आंगन में दो बाई रहती हैं, टाइम वाटून घेतलं तो." बाई हसली. शेवटचं कळलं का न्हाय कुणास ठाऊक.

जाताना तिघांना पाव-पाव किलो चटणी दिली. माझ्या कांडपाची. कोल्हापुरी चपलांचं तिला सांगितलंच, शपथ संपलीती.

निकाल नंतर कळवणार म्हणे.

१८ एप्रिल, शनिवार

तिसरं मुसळ बदलून घेतलं. राजवर्धननं स्वतः माणूस पाठवला, मी सांगितलं नव्हतं. नवं मुसळ सरळ पडतं. आवाज परक्या घरचा वाटतो. रात्री झोप लागली न्हाय.

२६ एप्रिल, रविवार

डॉक्टरकडं गेले. बीपी उतरलंय. म्हणाला, लिहिल्यानं फरक पडला बघा. मी म्हटलं, व्हय तर. पोरगीनं खोलीतली मोठी बॅग बाहेर काढली न्हाय अजून, त्यावर मी पापडांचा डबा ठेवलाय. जड डबा. हलवायला दोन माणसं लागतात.

६ मे, बुधवार

पत्र आलं. फोनमध्येच आलं, कागद न्हाय. पोरगीनं वाचून दाखवलं, मधेच आवाज फुटला, मग आदर्शनं वाचलं, तो शिंकला, मग परत तिनं. तीन वर्षं. गोडाऊन चालू. दुसरी डबी गारगोटीला, पुढच्या वर्षी. आदर्श उड्या मारत होता. ज्ञानूनं कारण न विचारता नारळ फोडला.

पापडांचा डबा मी बॅगेवरनं उचलून जाग्यावर ठेवला. एकटीनं उचलला.

पण एक अट हाय. हादऱ्यावर लक्ष ठेवायला एक जबाबदार माणूस नेमायचा, नाव नि फोन नंबर कळवायचा. ते कधीही फोन करून विचारणार, कांडप बंद हाय का. पोरगीनं मला न विचारता नाव लिहून टाकलं. झुंबरबाई, कांडप, उचगाव. हुद्द्याच्या रकान्यात काय लिहिलं ते वाचून दाखवलं, "कंपन नियंत्रण प्रमुख." मी म्हटलं, पत्रा परत दे आधी.

पहिला फोन उद्या अकराला येणार. आताच सांगून ठेवते, पाटीवरही लिहिते. ज्ञानूनं उचलायचा न्हाय, तो न ऐकता व्हय व्हय म्हणतो. आदर्शनं उचलायचा न्हाय, तो शिंकतो. पोरगीनं तर न्हायच न्हाय, तिनं आत आपले ठिपके सांभाळायचे. दिल्लीला उत्तर मी देणार. मधे दुसऱ्या कुणी हात घातला तर डायरीत लिहीत बसणार न्हाय, तोंडानं बोलेन.